‘लेट युअर हेअर डाउन’: अर्थ, प्रसंग आणि शिकण्याची रीत

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

“मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पुढे बेळगावात बी. कॉम. केले आणि आता उद्यमबागेतील हायड्रॉलिक भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अकाउंट्समध्ये काम करते. मार्च एंडिंगचे काम आटोपले त्या संध्याकाळी बेंगळुरूहून आलेले आमचे मोठे साहेब सगळ्यांना इंग्रजीत म्हणाले, तुम्ही फार राबलात, आता शुक्रवारी रात्री सगळे जेवायला चला आणि ‘लेट युअर हेअर डाउन’. मी अगदी समोर उभी होते. घट्ट वेणी, वर अबोलीचा गजरा. मला वाटले, ते माझ्या केसांबद्दलच बोलले. मी घाईघाईने म्हणाले, ‘नो सर, अॅट होम दे डोन्ट अलाउ.’ सगळे हसले, साहेबही हसले. अर्थ मात्र कोणी सांगितला नाही. रात्री मोबाइलवर शोधला, तेव्हा ‘टू रिलॅक्स’ एवढेच लिहिलेले सापडले. मी जेवायला गेले नाही. तेव्हापासून मीटिंगमध्ये तोंड उघडायला भीती वाटते. वाक्प्रचारांचे पुस्तक आणून पाठ करू का? साहेबांची माफी मागू का? आणि खरे सांगायचे तर असे मोकळे वागणे मला जमतच नाही, त्याचे काय करावे? साहेब परत येतील आणि जेवायला का आली नाहीस म्हणून विचारतील, तेव्हा मी काय बोलू?”

सप्रेम नमस्कार.

आधी अर्थ नीट समजून घेऊ, कारण मोबाइलने तुम्हाला तो अर्धाच सांगितला. ‘लेट युअर हेअर डाउन’ म्हणजे एरवी पाळावा लागणारा औपचारिकपणा, शिस्त आणि धाक थोडा वेळ बाजूला ठेवून मनमोकळे वागणे. नुसती विश्रांती घेणे हा त्याचा अर्थ नाही. आधी काहीतरी आवळलेले असावे लागते, मग ते सैल सोडण्याला हा वाक्प्रचार लागू पडतो. वर्षअखेरीचे हिशेब, ताळेबंद जुळवताना झालेली जागरणे, वरिष्ठांच्या डोळ्यांसमोरची सततची दक्षता, हे सारे तुमच्या विभागाने महिनाभर सोसले होते, म्हणून साहेबांनी तो त्या क्षणी वापरला. आपल्या भाषेत ते म्हणाले असते, ‘खूप राबलात, आता जरा मोकळेढाकळे व्हा.’ केसांचा संबंध आज त्यात उरलेला नाही. पुरुषांनाही असे म्हणतात, आणि ज्याच्या डोक्यावर एकही केस नाही अशा गृहस्थालाही म्हणतात.

आता तुमच्या उत्तराविषयी. ते ऐकून लोक हसले म्हणून तुम्ही स्वतःला अडाणी ठरवले आहे, आणि हे मला मुळीच मान्य नाही. तुम्ही ऐकलेले शब्द अचूक ऐकले, त्यांचा शब्दशः अर्थ अचूक लावला आणि त्या अर्थाला साजेसे उत्तर इंग्रजीत दिले. वाक्प्रचार पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाकडे शब्दशः अर्थाखेरीज दुसरे काहीच नसते. शिवाय आपल्याकडे सोडलेल्या केसांना जे अर्थ आहेत, ते इंग्रजीतल्या अर्थाच्या अगदी विरुद्ध दिशेला जातात. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून उंबऱ्यात बसू नये, असे तुमच्या घरात कोणीतरी वडीलधाऱ्या बाईने नक्की सांगितले असेल. द्रौपदीने केस मोकळे ठेवले ते सूडाची प्रतिज्ञा म्हणून, आणि चाणक्याची सुटलेली शेंडीही प्रतिज्ञेचीच. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर यात्रेत अंगात आलेल्या बायकांचे सुटलेले केस आपल्या भागातील माणसाने लहानपणापासून पाहिलेले असतात. राग, शोक, देवीचा संचार, अशुभाची शंका, एवढे सारे आपल्या मनात सुटलेल्या केसांना चिकटलेले आहे. ‘आता निवांत व्हा’ हा अर्थ त्या यादीत कुठेच नाही. तेव्हा परक्या पुरुषाने सर्वांदेखत केस सोडायला सांगितले असे वाटल्यावर तुमचा चेहरा लाल झाला, यात नवल काही नाही.

इंग्रजीत हा अर्थ कसा आला, तेही सांगतो, कारण उगम कळला की वाक्प्रचार सहसा विसरला जात नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपातील प्रतिष्ठित घराण्यांमधल्या स्त्रिया चारचौघांत केस पिनांनी वर बांधूनच वावरत. मुलगी लहान असेपर्यंत तिचे केस पाठीवर मोकळे असत. ती सतरा-अठरा वर्षांची झाली की ते वर बांधले जात आणि ती आता मोठ्यांच्या समाजात आली असे मानले जाई. दिवसभर ही बांधणी सुटता कामा नये. पाहुणे गेले, दार बंद झाले, झोपायची वेळ झाली की आपल्या खोलीत पिना काढायच्या, केस खांद्यावर पडू द्यायचे आणि ब्रशने विंचरायचे. त्या वेळी जवळ असायची ती बहीण, मैत्रीण किंवा विश्वासातली मोलकरीण, आणि बोलणेही तसेच बिनधास्त होई. एकोणिसाव्या शतकात बेळगावच्या कॅम्पात राहणाऱ्या इंग्रज कुटुंबांची रीतही हीच होती. बंद दाराआडच्या त्या मोकळिकीवरून हा वाक्प्रचार निघाला, आणि पुढे केस मागे पडून मोकळीक तेवढी शिल्लक राहिली.

या उगमात एक गोष्ट दडलेली आहे, ती वापरताना उपयोगी पडते. केस सोडले जात ते आपल्या माणसांत आणि काम संपल्यावर. आजही वाक्प्रचारात तेवढी अट टिकून आहे. लग्नाच्या वरातीत एरवी गंभीर असणारे काका नाचायला लागले, परीक्षा संपल्यावर मुलींनी आंबोलीला जाऊन दिवसभर धबधब्याखाली धिंगाणा घातला, लेखापरीक्षण संपल्यावर कडक स्वभावाच्या बाईंनी गाणे म्हटले, तर तिथे हा वाक्प्रचार चपखल बसतो. उलट रविवारी दुपारी तुम्ही घरी चटईवर पडून राहिलात, तर तिथे तो बसत नाही. तिथे इंग्रजी माणूस ‘आय पुट माय फीट अप’ म्हणेल, म्हणजे पाय वर करून आराम केला. वाक्य छोटे असले तरी प्रसंग चुकला की ते विजोड वाटते, आणि म्हणूनच ‘टू रिलॅक्स’ एवढ्या अर्थावर भागत नाही.

आता वाक्याची घडण पाहा, कारण मराठी माणसाची जीभ इथे ठरावीक ठिकाणी अडखळते. पहिली अडचण ‘हेअर’ची. आपण केस अनेकवचनी बोलतो, म्हणून नकळत ‘हेअर्स’ तोंडातून निघते. डोक्यावरच्या सगळ्या केसांना मिळून इंग्रजीत एकवचनी ‘हेअर’च म्हणतात, भातात एखादा केस सापडला तर तो ‘अ हेअर’, आणि असे दोन-चार निघाले तरच ‘हेअर्स’. दुसरी गोष्ट ‘युअर’ची. ज्याच्याबद्दल बोलतो त्याप्रमाणे हा शब्द बदलतो: मी असेन तर ‘माय’, आम्ही असू तर ‘अवर’, ती असेल तर ‘हर’. तिसरी गोष्ट क्रियापदाची. ‘लेट’ भूतकाळातही ‘लेट’च राहते, ‘लेटेड’ होत नाही. ‘वी लेट अवर हेअर डाउन लास्ट नाइट’ हे बिनचूक वाक्य आहे. उशीर या अर्थाचा ‘लेट’ आपण देवनागरीत असाच लिहितो, पण इंग्रजी उच्चारात त्यातला ‘ए’ लांबतो. वाक्प्रचारातला ‘लेट’ आखूड आणि तुटक आहे. कान या फरकाला सरावला की बेंगळुरूच्या माणसाचे भरभर इंग्रजीही पकडता येते.

‘हेअर’ हा शब्द ऐकण्यातून निसटला तर मात्र अर्थ पार उलटतो, हे लक्षात असू द्या. ‘लेट समवन डाउन’ म्हणजे एखाद्याला तोंडघशी पाडणे, त्याने ठेवलेला भरवसा मोडणे. ‘डोन्ट लेट मी डाउन’ असे साहेब म्हणाले तर ते मोकळे व्हायला सांगत नाहीत. ते म्हणतात, माझी मान खाली जाईल असे करू नका. केसांचेच आणखी एक वाक्य ब्रिटिश बोलण्यात येते, ‘कीप युअर हेअर ऑन’. ऐकताना ते तुमच्या वाक्प्रचाराच्या उलट वाटते, पण त्याचा अर्थ ‘डोके तापवून घेऊ नका’ असा आहे. ते वरिष्ठांना म्हणू नये, उद्धट वाटते.

सैल सोडण्याच्या या कुळातले जे शब्द तुमच्या कचेरीत कानावर पडण्याची शक्यता आहे, तेवढेच इथे घेतो. ‘टेक इट इझी’ म्हणजे घाई करू नका किंवा मनाला लावून घेऊ नका; कोणी चिडले असता समजावताना आणि निरोप घेताना, दोन्ही वेळी ते म्हणतात. ‘अनवाइंड’ म्हणजे दिवसभराचा ताण हळूहळू उतरवणे. संध्याकाळी बस पकडून घरी जाऊन, हातपाय धुऊन, चहा घेऊन अंगणात बसता ते हेच, आणि एकट्यानेही ते करता येते. ‘लेट ऑफ स्टीम’ म्हणजे साचलेला राग किंवा ताण बोलून, ओरडून, खेळून बाहेर काढणे. लोंढा-मिरज मार्गावर वाफेची इंजिने धावत होती तेव्हा दाब फार वाढला की झडपेतून वाफ सोडून द्यावी लागे. त्या यंत्रावरून हा शब्दप्रयोग आला. तुमच्या कारखान्याच्या बिलांमध्ये ‘रिलीफ व्हॉल्व्ह’ असा माल तुम्ही टाइप करत असाल. त्याचे काम तेलाच्या दाबाबाबत हेच असते, त्यामुळे हा वाक्प्रचार तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. ‘लेट इट गो’ म्हणजे मनात धरून ठेवलेली गोष्ट सोडून देणे.

एक मात्र जपून. ‘लेट युअरसेल्फ गो’ याला दोन अर्थ आहेत. नाचताना ‘लेट युअरसेल्फ गो’ म्हटले तर ‘भीड सोड’ असा चांगला अर्थ. पण एखाद्या बाईला ‘यू हॅव लेट युअरसेल्फ गो’ म्हटले, तर ‘तुम्ही स्वतःकडे लक्ष देणेच सोडले, अंगाने सुटलात, टापटीप राहिली नाही’ असे ते होते, आणि ते फार लागते. हा प्रयोग तुम्ही समजून ठेवा, वापरू मात्र नका.

वाक्प्रचारांचे पुस्तक आणून पाठ करण्याचा विचार सोडा, असे मी आग्रहाने सांगतो. अशा पुस्तकांत शेकडो प्रयोग एका माळेत दिलेले असतात. त्यांतले कितीतरी आजच्या बोलण्यात क्वचितच येतात, आणि कोणता आजचा, कोणता आजोबांच्या काळचा, हे पुस्तक बहुधा सांगत नाही. मुसळधार पावसाला कुत्री-मांजरे पडतात असे म्हणायला आपण सर्वांनी शाळेत घोकले. कचेरीत ते कोणी म्हणताना तुम्ही ऐकले आहे का? पाठ केलेला वाक्प्रचार माणसाला वापरण्याची घाई होते आणि तो नको तिथे पडतो. त्याऐवजी जे कानावर पडते तेच वहीत टिपा, आणि अर्थापेक्षा आधी प्रसंग टिपा: कोण म्हणाले, कोणाला म्हणाले, त्याआधी काय घडले होते, ऐकणाऱ्याने काय उत्तर दिले. तुमच्या वहीतली पहिली नोंद अशी होईल: मोठे साहेब, सगळ्या विभागाला, मार्च एंडिंग संपल्यावर, जेवणाचे आमंत्रण देताना, हसत. त्याखाली त्याच प्रसंगी आपल्या घरी कोणी काय म्हणाले असते, ते मराठीत लिहा. शब्दाला शब्द जुळवायचा नाही. प्रसंगाला वाक्य जुळवायचे. वडील असते तर म्हणाले असते, ‘झालं नव्हं काम? आता बसा निवांत.’ हेच या वाक्प्रचाराचे तुमच्यापुरते भाषांतर.

ही रीत तुम्हाला नवी नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचे आहे. तुम्ही सीमाभागात वाढलात, म्हणजे कन्नड तुमच्या कानावर लहानपणापासून आहे. बसमध्ये, बाजारात, तहसील कचेरीत कन्नड बोलणारा ओळखीचा माणूस भेटला की विचारतो, ‘आराम अदीरेनरी?’ त्या वेळी तुम्ही ‘मी आराम करत नाही, कामावर निघाले आहे’ असे उत्तर देत नाही. तो खुशाली विचारतो आहे हे तुम्हाला कळते आणि तुम्ही ‘आराम’ म्हणून पुढे जाता. ‘आराम’ हा शब्द मराठीत एका अर्थाने, कन्नडमध्ये दुसऱ्या अर्थाने, हा फरक कोणत्या पुस्तकातून शिकलात? माणसे, वेळ आणि चेहरा पाहून शिकलात. ज्या मुलीला शाळेत मराठी, बाजारात कन्नड, पडद्यावर हिंदी आणि कामावर इंग्रजी सांभाळता येते, तिने ‘आपल्याला आणखी किती कळत नसेल’ म्हणून खचावे, याचे मला मनापासून वाईट वाटले. इंग्रजीही तुम्ही याच वाटेने शिकाल, फक्त ते तुमच्या कानावर कन्नडपेक्षा उशिरा आले आहे.

समजणे आणि वापरणे यांत घाई करू नका. एखादा प्रयोग निरनिराळ्या माणसांच्या तोंडून, निरनिराळ्या प्रसंगी ऐकल्याशिवाय स्वतः वापरू नये. आणि पहिल्यांदा वापराल तेव्हा तो स्वतःबद्दल वापरा, दुसऱ्याला सांगण्यासाठी नव्हे. सहकारी मैत्रिणीला सोमवारी ‘वी वेंट टू आवर व्हिलेज यात्रा अँड रिअली लेट अवर हेअर डाउन’ असे म्हणालात तर ते सहज वाटेल. वरिष्ठाला किंवा नुकत्याच ओळख झालेल्या माणसाला ‘यू शुड लेट युअर हेअर डाउन’ असे म्हणू नका. त्यातून ‘तुम्ही फार ताठ आहात’ असा टोमणा निघू शकतो. लेखी पत्रव्यवहारातही तो नको. ग्राहकाला पाठवायच्या पत्रात, बँकेच्या अर्जात, लेखापरीक्षकाला द्यायच्या उत्तरात असे बोलीतले प्रयोग शोभत नाहीत.

आणि कळले नाही तर विचारा. याला एक साधे वाक्य पुरते: ‘सॉरी सर, आय हॅवन्ट हर्ड दॅट वन बिफोर. व्हॉट डज इट मीन?’ हे वाक्य घरी आरशासमोर दोनदा नव्हे, जीभ सैल होईपर्यंत म्हणा, म्हणजे वेळेवर ते आपोआप येईल. विचारणाऱ्याला कोणी हसत नाही, उलट सांगणाऱ्याला आनंद होतो. त्या दिवशी ज्यांनी हसून अर्थ सांगितला नाही, त्यांचे वागणे मला खटकले. त्यांच्यातल्या कित्येकांनीही हे वाक्य कधीतरी पहिल्यांदाच ऐकले असणार. एवढ्या माणसांत एकाने जरी बाजूला घेऊन सांगितले असते, तरी तुमची ती रात्र आणि पुढचे दिवस वेगळे गेले असते. पण ते हसणे द्वेषाचे होते असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही, म्हणून नुकतेच सांगितलेले ‘लेट इट गो’ इथे लागू करा.

साहेबांचे बोलणे योग्य होते का, हे तुम्ही सरळ विचारलेले नाही, पण पत्रात ती शंका जाणवते. वाक्य सर्वांना उद्देशून होते, प्रसंग काम संपल्याचा होता आणि त्याचा रूढ अर्थ निर्मळ आहे. तेव्हा त्यात वावगे काही दिसत नाही, आणि तुम्ही माफी मागण्यासारखेही काही घडलेले नाही. मात्र हेच शब्द एखाद्या पुरुषाने एकट्या बाईला, तिच्या रूपाकडे बोट दाखवत, पुन्हा पुन्हा म्हटले, तर वाक्प्रचाराच्या आड लपण्याचा त्याला अधिकार नाही. अशा वेळी आपल्या मनाला जे खटकले ते खरे मानावे. 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक केले आहे. तुमच्या कारखान्यातील समितीत कोण आहे ते माहीत करून ठेवा. या प्रसंगासाठी तिची गरज नाही, तरी माहिती असावी.

आता तुमच्या मनातल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. ‘मला असे मोकळे वागणे जमतच नाही,’ असे तुम्ही लिहिले आहे. मला वाटते, तुम्ही मोकळेपणा म्हणजे हॉटेलातले जेवण, मोठ्याने हसणे, नाचणे, एवढेच धरून चालला आहात. रात्री उशिरा खानापूरकडे परतायला गाडी मिळेल का, घरचे जागे राहतील का, ही काळजी डोक्यावर असताना शहरातल्या हॉटेलात कोणीही मोकळे होणार नाही. त्यात तुमच्या स्वभावाचा दोष काही नाही. तुम्ही आपल्या माणसांत कशा असता, ते आठवून पाहा. गावच्या यात्रेला माहेरवाशिणी जमल्यावर रात्री स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता ज्या गप्पा रंगतात, त्यात तुम्ही गप्प बसता का? राजहंसगडावर मैत्रिणींबरोबर चढून गेल्यावर वाऱ्यात ओरडला नाहीत का? तुमचे मोकळे होणे तिथे असते, आणि इंग्रजी वाक्प्रचारही तेच मागतो: आपली माणसे आणि संपलेले काम. कचेरीतली माणसे अजून तुमची आपली माणसे झालेली नाहीत, इतकेच. ती व्हायला वेळ लागेल आणि त्याला जेवणाचा डबा पार्टीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. दुपारी जेवताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंना आपल्या डब्यातली चटणी वाढा, मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला. मीटिंगमध्ये आधी एखादा आकडा सांगा, एखादी शंका विचारा. हिशेबाच्या बाबतीत तुमचे म्हणणे ऐकायला ते बांधील आहेतच. बोलण्याची सवय कामाच्या गोष्टीतून लवकर लागते, गप्पांतून उशिरा.

पुढच्या वेळी जेवणाचे निघाले तर जायचे की नाही, हे सोयीवरून ठरवा, लाजेवरून नको. दुपारचे जेवण असेल, सोबतीला कोणी असेल, परतीची गाडी ठरलेली असेल तर जरूर जा. नसेल तर ‘आय वुड लव्ह टू, बट द लास्ट बस इज अर्ली. कॅन वी मेक इट अ लंच?’ असे विचारा. कदाचित तुमच्यासारख्या गावाकडून येणाऱ्या आणखी दोघी-तिघींची त्यातून सोय होईल, आणि वेळ बदलणे साहेबांना वाटते तितके अवघड नसते.

राहिला शेवटचा प्रश्न, साहेब परत आल्यावर त्यांनी ‘त्या दिवशी का आली नाहीस’ असे विचारले तर. कारणे देऊ नका, माफीही नको. हसून म्हणा, ‘सर, आय डिडन्ट नो द फ्रेज दॅट डे. आय डू नाऊ.’ मग लगेच नव्या वर्षाच्या ताळेबंदाविषयी जे विचारायचे असेल ते विचारा.